दोन हिरवे बीच हेड, लिओचा ही-मॅन आणि स्क्रूच्या आतली गोष्ट: पावसाळी अपडेट

जुन्या खेळण्यांच्या रंगातला फरक खरा की नंतर आलेला, हे मी तपासतोय, आणि मागच्या वेळी फनस्कूलच्या बीच हेडवर (जी.आय. जो या छोट्या सैनिक-फिगर्सपैकी एक) गाडी अडकली होती, तिथून पुढे. सध्या टेबलावर दोन आहेत, एक चोर बाजारात मटण स्ट्रीटवर मिळालेला आणि दुसरा माटुंग्याच्या एका काकांनी त्यांच्या मुलाच्या जुन्या डब्यातून काढून दिलेला, आणि दोघांचा हिरवा सरळसरळ वेगळा. मटण स्ट्रीटवाल्याने 'ये रेअर है साब, कलर देखो, अलग है' म्हणत भाव चढवला होता. रंग अलग आहे हे खरंच, पण तो फॅक्टरीत अलग झाला की कोणाच्या तरी खिडकीत उन्हाने, हे ठरवल्याशिवाय त्याला व्हेरिएशन (म्हणजे फॅक्टरीतूनच वेगळा आलेला पीस) म्हणायचं नाही या मताला मी आता घट्ट आलोय. आणि ते बाहेरून ठरत नाही, फिगर उघडावीच लागते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने ३.७५ इंची जी.आय. जो १९८२ मध्ये आणले, फनस्कूल आपल्याकडे १९८७ मध्ये एमआरएफ आणि हॅस्ब्रो यांनी मिळून सुरू केली, कारखाना गोव्यात, आणि साचे हॅस्ब्रोचेच. त्यामुळे अंगावर कोरलेलं साल बघून 'शहाऐंशीचा पीस' म्हणणाऱ्यांकडून घेऊ नका, ते साल कॉपीराइटचं, तो पीस मशीनमधून कधी बाहेर पडला त्याचं नाही. नव्वदीत इथे विकलेल्या जी.आय. जोवरही जुनंच साल असू शकतं.

आता उघडण्याबद्दल. पाठीतला एक स्क्रू काढला की धडाचे दोन भाग सुटतात, आत काळी रबरी ओ-रिंग असते, तिने कंबर आणि पाय वर ओढून धरलेले असतात. पण स्क्रू फिरवायच्या आधी भिंगाखाली नीट बघा, मी आता दर वेळी आधी फोटो काढतो. मुंबईच्या दमट हवेत स्क्रूला गंज येतोच, आणि वर्षानुवर्षं न उघडलेल्या पीसमध्ये त्या गंजाचं तपकिरी कडं स्क्रूच्या डोक्याभोवती प्लॅस्टिकला चिकटून अखंड बसलेलं दिसतं. कडं तुटलंय, स्क्रूची खाच चावल्यासारखी झालीये, किंवा आत ओ-रिंग ताजी लवचिक निघाली, तर हा पीस कोणीतरी आधी उघडलाय आणि हात-पाय दुसऱ्याचे असू शकतात असं धरूनच पुढे चालायचं. गंजलेला स्क्रू हलत नसेल तर तेल-बिल सोडू नका, एबीएसला (या फिगर्सच्या कडक प्लॅस्टिकला) काही तेलांनी तडे जातात. बरोब्बर मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या, खाली दाबून धरा आणि अगदी हळू फिरवा. नवीन ओ-रिंग नागदेवी स्ट्रीटवर मिळतात, जुनी सोबत न्या आणि दुकानातच व्हर्नियरने जाडी आणि आतला व्यास दोन्ही जुळवा, जाड रिंग घातली तर सगळा ताण पायाच्या सांध्यावर येतो आणि या फिगर्सचा क्रॉच तसाही नाजूक.

तर निकाल. मटण स्ट्रीटवाल्याचा बाहेरून फिकट, पिवळटपणाकडे झुकलेला हिरवा, पण खांद्याचा जो गोल गट्टू धडाच्या आत लपलेला असतो तो बाहेर काढला तर गडद हिरवा, म्हणजे काकांच्या पीसच्या बाहेरच्या रंगासारखाच. संपला विषय, तो ऊन लागलेला आहे, व्हेरिएंट नाही. खरी मजा काकांच्या पीसमध्ये निघाली, जो बघून कोणी दुसऱ्यांदा वळूनही बघणार नाही. त्याचा डावा दंड उजव्यापेक्षा किंचित पोपटी आहे, आणि हा फरक आतल्या गट्टूवरही तसाच्या तसा आहे, जिथे ऊन कधी पोचलंच नाही. गंजाचं कडं अखंड होतं, ओ-रिंग इतकी वाळलेली की हात लावताच तुकडे झाले. म्हणजे हा दंड फॅक्टरीतूनच असा आलाय. मी किती वेळ नुसता तो बघत बसलो होतो!

हे असं का होतं ते वसईला इंजेक्शन मोल्डिंगचं युनिट चालवणाऱ्या मित्राकडून समजून घेतलं. प्लॅस्टिकच्या दाण्यात मास्टरबॅच (दाट रंगाचे दाणे) टाकून रंग आणतात, त्याचं प्रमाण थोडं इकडेतिकडे झालं की शेड बदलते. रंग बदलताना मशीनच्या बॅरलमध्ये आधीचा माल उरलेला असतो, तो पूर्ण बाहेर काढेपर्यंतचे शॉट (साच्यात एका वेळी भरलेला माल) मधल्याच रंगाचे पडतात, कधी दोन रंगांची लहर दिसते, ते फेकायचे असतात पण सगळीकडे फेकतातच असं नाही. शिवाय रनर (पार्टांना जोडून येणाऱ्या प्लॅस्टिकच्या काड्या) दळून तो माल परत वापरला की रंग अजून मळतो. हात, पाय, धड हे वेगवेगळ्या शॉटमधून येऊन शेवटी जुळणीच्या टेबलावर एकत्र येतात, त्यामुळे एकाच फिगरमध्ये दोन शेड येणं अगदी शक्य आहे. म्हणून लहर दिसली की लगेच 'रंग उडालाय' म्हणून टाकून देऊ नका.

ही-मॅनचं प्रकरण जास्त किचकट आहे. मॅटेल या दुसऱ्या अमेरिकन कंपनीची ही लाइन पण १९८२ ची, आणि ती तैवान, मलेशिया, मेक्सिको, फ्रान्स अशी कुठे कुठे बनली, आपल्याकडे लिओ या ब्रँडच्या नावाने. धड कडक प्लॅस्टिकचं आणि पाय रबरासारखे मऊ, दोन्ही मटेरियल वेगळी, म्हणून ती म्हातारीही वेगवेगळी होतात, पाय पिवळे आणि धड गुलाबीसर दिसलं म्हणजे व्हेरिएशन सापडलं असं नाही. इथे स्क्रू नाही, उघडायचं तर मोडतोड, ते मी करणार नाही. म्हणून मांडीचा वरचा भाग लंगोटाखाली जिथे झाकलेला असतो तिथे बारीक टॉर्च मारून रंग बघतोय. माझ्या लिओच्या पीसचं अजून काही ठरलेलं नाही. ज्याच्याशी ताडून बघायचं ते खात्रीचं हवं, जसं की याच लाइनमधल्या स्केलेटरचे सुरुवातीचे अर्धेच जांभळे रंगवलेले बूट किंवा मॉस मॅनच्या कानांवर लव असलेला आणि नसलेला, हे जगभर इतक्या पीसवर सापडलंय की वाद उरत नाही. लिओच्या बाबतीत तेवढे न छेडलेले पीस एकत्र बघायला मिळतच नाहीत.

पेंटचं पटकन सांगतो. फॅक्टरीत मास्क लावून स्प्रे मारतात, त्यामुळे कडेला अगदी बारीक धुरकट रेषा दिसते, ब्रशने मारलेल्यात भिंगाखाली केसांच्या रेघा दिसतात. पार्ट बहुतेक जुळणीच्या आधी रंगवतात, म्हणून खरा पेंट सांध्याच्या आत थोडा शिरलेला असतो आणि नंतर कोणी मारलेला सांध्यापाशी येऊन थांबतो. छातीवरची चिन्हं टॅम्पोने (मऊ रबरी पॅडच्या शिक्क्याने) छापतात आणि तिथेही व्हेरिएशन असतात, जी.आय. जोमधल्या १९८२ च्या कोब्रा कमांडरचं 'मिकी माऊस' म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह बघा, निव्वळ छपाईचा फरक आणि किमतीत केवढं अंतर. आणि स्नेक आइज १९८२ चा, त्याला तर पेंटच नाही, खर्च वाचवायला नुसत्या काळ्या प्लॅस्टिकमध्ये काढला. त्यामुळे कोणी 'पेंट उडालेला स्नेक आइज' म्हणून पैसे कमी करून मागितले तर भाव पाडायचं कारणच उरत नाही.

शेडचे फोटो ट्यूबलाइटखाली काढू नका एवढं ऐका. मी उत्तरेकडच्या खिडकीत, ढगाळ उजेडात, बाजूला ग्रे कार्ड (फोटोतला रंग खरा आहे का ते ताडायचं राखाडी कार्ड) ठेवून काढतोय, आणि सध्याचा पाऊस त्यासाठी एकदम बेस्ट आहे. फक्त काम झालं की लगेच सिलिका जेलच्या डब्यात परत, उघडा स्क्रू रात्रभर टेबलावर राहिला तर सकाळी लाल झालेला असतो.

पुढे करायचंय ते असं: पोपटी दंडाच्या आतल्या बाजूला कॅव्हिटीची खूण (साच्यातल्या कोणत्या खाचेतून पार्ट निघाला त्याचा आकडा किंवा चिन्ह) आहे का ते १० पट भिंगाने शोधायचं, आणि उजव्या दंडाशी ताडून बघायचं. ज्यांच्याकडे फनस्कूलचा न उघडलेला बीच हेड आहे त्यांनी एवढंच करा, स्क्रू काढायच्या आधी गंजाचा फोटो, आणि काढल्यावर दोन्ही दंडांचे आतले गट्टू शेजारी शेजारी ठेवून एक फोटो, ग्रे कार्डसकट. असा आणखी एक पोपटी दंड कोणाकडे निघाला तर याला व्हेरिएशन म्हणून वहीत पेनाने लिहीन, तोवर पेन्सिलनेच लिहिलेलं आहे.