अंगठा माझा, दाब त्याचा

सांगलीत फळ्यावर ‘तारण’ लिहिलं की निम्म्या वर्गाला सोसायटी आठवते. सोनंतारण, हळदतारण, बेदाणातारण. माल गुदामात टाकायचा, पावती घ्यायची, किमतीच्या पाऊणपट कर्ज उचलायचं. त्यामुळे मी पाळक म्हणून घेतो त्या दृढीकरण वर्गाच्या, म्हणजे चर्चमध्ये पोरांना ख्रिस्ती विश्वास शिकवण्याच्या वर्गाच्या, चौथ्या धड्यात पहिली दहा मिनिटं शब्द धुण्यातच जातात: इथं काही गहाण ठेवायचं नाही, बुडणाऱ्याला वर काढलंय. ‘कर्म’ धुवायला त्याहून वेळ लागतो, कारण पोरांच्या कानावर ते मागल्या जन्मीच्या हिशेबासारखं पडतं. बायबलमधली पत्रं लिहिणारा प्रेषित पौल बोलतो ती ‘नियमशास्त्रातील कर्मे’, मोशेच्या नियमांतली, म्हणून मी अनेकवचन सोडत नाही. आमच्या छापील पुस्तिकेत मात्र एकाच पानावर कर्म, कर्मे, सत्कृत्ये आणि कामे असे चार शब्द एकाच अर्थानं आलेत. ती तपासणाऱ्यानं कधी वर्ग घेतला नसावा.

पौल आणि बायबलमधलाच दुसरा पत्रलेखक याकोब एकमेकांविरुद्ध बोलतात, हे दरवर्षी एखादं हुशार पोरगं शोधून काढतंच. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात माणूस कर्मांवाचून, विश्वासानं नीतिमान ठरतो. याकोबाच्या दुसऱ्यात केवळ विश्वासानं नव्हे, कर्मांनी. साक्षीला दोघंही अब्राहामालाच बोलावतात. इथं उपदेश करायचा नाही, फळ्यावर तीन आकडे लिहायचे: १५, १७, २२. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५ व्या अध्यायात अब्राहाम विश्वास ठेवतो आणि ते त्याच्या खाती नीतिमत्त्व म्हणून जमा होतं. सुंतेची आज्ञा येते १७ व्यात. पोटच्या पोराला, इसहाकाला, बळी द्यायला वेदीवर ठेवतो २२ व्यात. पौल १५ वर बोट ठेवतो: सुंतेच्या आधीच जमा झालं की. याकोब २२ वर उभा राहून मागं १५ कडे बघतो: तो विश्वास जिवंत होता, हे इथं कळलं. आकडे लिहिले नाहीत तर पाऊण तास वाद होतो आणि पोरं घरी जाऊन सांगतात, बायबलमध्ये चूक आहे. प्रोटेस्टंट सुधारणा सुरू करणाऱ्या ल्यूथरलासुद्धा याकोबाशी नीट जमलं नाही. १५२२ साली त्यानं ते ‘पेंढ्याचं पत्र’ म्हणून हिणवलं.

‘नीतिमान ठरवणे’ हा मराठी शब्द मात्र नेमका बसलाय. देव माणसाला नीतिमान ठरवतो; ठरवणे, करणे नव्हे. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं जानेवारी १५४७ मध्ये दुसरी बाजू लावून धरली, की नुसतं ठरत नाही, माणूस आतून तसा केला जातो. हा फरक सांगायला मी बरीच वर्षं कर्जमाफी वापरतो. सातबारा कोरा झाला म्हणजे पीक आलं असं नाही; पण कोरा व्हायला आधी पीक यावं लागलं नाही. पेरणी त्यानंतरची. येशूनं शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत मत्तयाच्या शुभवर्तमानानं पापाला ‘ऋण’च म्हटलंय, त्यामुळे उदाहरण उपरं वाटत नाही.

या खेपेला मागच्या बाकावर एका मुलीचे आजोबा बसले होते, नातीला न्यायला लवकर आलेले. हळद आणि ऊस करणारे. बसल्या जागेवरून म्हणाले, “पाळकसाहेब, कुठली माफी? सतराची का एकोणीसची?”

पोरं हसली. प्रश्न थट्टेचा नव्हता.

२०१७ च्या माफीत दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज सुटणार होतं, पण ऑनलाइन अर्ज भरायचा होता, आधार आणि अंगठ्यासकट. कर्ज त्याहून मोठं असेल तर वरची रक्कम आधी भरा, मग माफी. २०१९ च्या योजनेत अर्जच नव्हता. यादी लागली, नाव असेल त्यानं जाऊन आधार पटवायचं. नाव नसेल तर चौकशी करत फिरायचं.

कृपा आणि इच्छास्वातंत्र्याचा हजार वर्षांचा वाद फळ्यावर मांडायला एवढी सोय मला कुठल्या धर्मज्ञानाच्या पुस्तकानं करून दिली नव्हती. पाचव्या शतकातला शिक्षक पेलागियस म्हणणार, बापाच्या, म्हणजे आदामाच्या, कर्जाला मी जामीन नाही, ज्यानं त्यानं आपलं फेडावं. ४१८ साली कार्थेजच्या सभेनं त्याची शिकवण फेटाळली. ‘वरचं आधी भरा’ हा मध्ययुगाच्या अखेरीचा जर्मन धर्मपंडित गाब्रिएल बील: आपल्या परीनं जमेल तेवढं करा, देव कृपा नाकारत नाही. ल्यूथर हेच शिकला आणि याच्यावरच उलटला, कारण ‘जमेल तेवढं’ म्हणजे किती ते कुणी सांगेना. सोसायटी निदान आकडा तरी सांगते. अर्ज भरायला लावणारे म्हणजे डच धर्मपंडित आर्मिनियसचे १६१० चे अनुयायी: माफी सगळ्यांसाठी, पण नको म्हणता येतं. यादीवाले म्हणजे त्यांना फेटाळणारी १६१८-१९ ची हॉलंडमधली डॉर्टची सभा: कुणाला तारायचं ते देवानं आधीच निवडलंय.

मिरज-सांगलीकडचं जुनं मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे यादीवाल्यांचं. १९७० ला अनेक मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्यात मेथडिस्टही, म्हणजे वेस्लीच्या पंथाचे अर्जवालेही, आले. आज लोकांच्या विश्वासाला जाग आणायच्या उज्जीवन सभेत रात्री ‘आत्ताच हात वर करा, कार्ड भरा’ चालतं आणि रविवारी त्याच तोंडानं ‘त्यानं तुम्हाला जगाच्या स्थापनेपूर्वी निवडलं’. कार्डांची संख्या अहवालात जाते. असे बरेच पाळक आहेत, मीही त्यातलाच.

आजोबांचं अजून संपलं नव्हतं. सतराला त्यांचा अंगठाच उठेना. खुरप्यानं, हळदीनं रेषा झिजलेल्या. तीन खेपा झाल्या. शेवटी केंद्रातल्या पोरानं ओल्या फडक्यानं त्यांचं बोट पुसलं, स्वतःच्या मुठीत धरलं आणि यंत्रावर दाबून ठेवलं. हिरवा दिवा लागला.

“आता सांगा, अर्ज मी केला का त्या पोरानं? अंगठा माझा, दाब त्येचा.”

मी पौलाच्याच फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली १२ आणि १३ वचनं काढायला लावली: आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात देवच घडवतो. ५२९ साली फ्रान्समधल्या ऑरेंजच्या सभेनं म्हटलं, विश्वासाची सुरुवात, म्हणजे बोट पुढं करावंसं वाटणंसुद्धा, कृपेचंच. वेस्ली म्हणेल, दाब प्रत्येकाच्या बोटावर आहे, पण हात ओढून घेता येतो. डॉर्टवाले म्हणतील, ज्याचा हात त्यानं धरला, त्याला ओढून घ्यावासाच वाटणार नाही.

“ओढून घेता आला असता की,” आजोबा म्हणाले. “पर तीन दिवस कामं बुडवून कोन ओढून घील?”

पोरं पुन्हा हसली. तास संपत आला होता. आजोबा टोपी घालत उठले आणि दारापाशी थांबले. म्हणाले, त्या दिवशी रांगेत त्यांच्या मागं शेजारचा होता. त्याचाही अंगठा उठत नव्हता. त्याचं बोट कुणी पुसलं नाही. पाच वाजले, पोरानं यंत्र बंद केलं.

“त्येचं काय?”

देव एकाला निवडतो, दुसऱ्याला का नाही, हा प्रश्न घेणारा रोमकरांस पत्राचा नववा अध्याय या वर्गाच्या अभ्यासक्रमात नाही. पुढच्या शनिवारी धडा प्रभुभोजनाचा आहे, आणि आजोबा लवकर येणार आहेत.