तुम्ही विचारलंत म्हणून: बिल्डरच्या मानपत्रात लिहायचं काय?

प्रश्न ठरलेला असतो. गावातल्या, पेठेतल्या किंवा उपनगरातल्या एखाद्या बांधकाम व्यावसायिकाची पंचाहत्तरी येते, धंद्याला चाळीस वर्षं होतात. संस्था सत्कार ठरवते आणि कार्यवाह आमच्याकडे येऊन विचारतात, "मानपत्रात त्यांच्या कारकिर्दीबद्दल आणि समाजकार्याबद्दल नेमकं काय लिहायचं? तारीख आठ दिवसांवर आलीय."

आधी तारखेबद्दल. आठ दिवसांत मजकूर लिहून होतो, माहिती जमत नाही. माहितीला महिना ते दीड महिना लागतो, कारण ती एका जागी नसते. वेळ अपुरा पडला की "दूरदृष्टीचे, दानशूर, सर्वसामान्यांचं घराचं स्वप्न साकारणारे" ही वाक्यं येतात. कोणाचंही नाव घातलं तरी ती बसतात, म्हणून ज्यांनी खरोखर काम केलंय त्यांचा त्यात अपमान होतो, असं आमचं ठाम मत आहे.

सुरुवात इमारतींच्या तक्त्यापासून करा. एक आडवा कागद घ्या आणि रकाने पाडा: इमारतीचं नाव, सर्व्हे किंवा सीटीएस (शहरी भूमापन) नंबर, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत राहायला वापरण्याची परवानगी, सदनिकांची संख्या, सोसायटीच्या नोंदणीची तारीख, अभिहस्तांतरणाची म्हणजे कन्व्हेअन्सची, जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर करून दिल्याची तारीख. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा, त्याकडे पुढे येऊ. एकूण चौरस फूट किती बांधले, हा आकडा तक्त्यात नसला तरी चालेल. बिल्टअप, कार्पेट आणि विकलेलं क्षेत्र यांची त्यात सरमिसळ झालेली असते. सदनिकांची संख्या मात्र मोजता येते, पडताळता येते.

प्रकल्प मे २०१७ नंतरचे असतील, किंवा तेव्हा अर्धवट असतील, तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर नोंदणी क्रमांकानं सगळं दिसतं: कबूल केलेली तारीख, घेतलेली मुदतवाढ, पूर्णत्वाचे कागद. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर नोंदणीची सक्ती नाही. त्यामुळे लहान इमारत तिथे सापडली नाही म्हणून शंका घेऊ नका. मे २०१७ आधीच्या इमारतींसाठी सोसायटीच्या सचिवांकडेच जावं लागतं. साल नक्की नसेल तर नोंदणी प्रमाणपत्र पाहा. सोसायटीच्या नोंदणी क्रमांकाच्या शेवटी बहुधा साल असतं. तेही नसेल तर घरपट्टीची पहिली आकारणी कोणत्या वर्षाची ते बघा. बिल्डरच्या कार्यालयातून आलेली यादी पडताळल्याशिवाय छापू नका. खोटेपणाचा संशय म्हणून नव्हे. जुन्या यादीत भागीदारीतल्या, भागीदारी मोडल्यानंतर दुसऱ्यानं पुऱ्या केलेल्या आणि नुसत्या ठेकेदारीवर बांधलेल्या इमारती एकत्र लिहिलेल्या असतात. ठेकेदार आणि विकसक ही दोन वेगळी कामं आहेत. मानपत्रात दोन्हींचा वेगळा उल्लेख झाला पाहिजे.

आता कन्व्हेअन्स. बिल्डरची समाजसेवा मोजायला आम्ही सर्वांत आधी हाच कागद मागतो. सदनिकेचा करारनामा झाला की माणसाला वाटतं घर आपलं झालं. इमारतीखालची जमीन मात्र खरेदीखत होऊन सोसायटीच्या नावावर चढेपर्यंत मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर राहते. १९६३ च्या मोफा म्हणजे महाराष्ट्राच्या सदनिका मालकी कायद्याखालच्या नियमांनुसार, करारात वेगळी मुदत ठरलेली नसेल तर, सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत हे हस्तांतर व्हायला हवं. प्रत्यक्षात ते वर्षानुवर्षं का रखडतं? चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या प्रमाणात किती बांधता येतं ते माप, वाढत गेला की त्याच जमिनीवर आणखी बांधायचा हक्क तयार होतो, आणि तो हक्क पैशाचा असतो. जमीन हातात ठेवणाऱ्याच्या हातात तो राहतो. म्हणून तर राज्याला २००८ मध्ये मोफात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आणावी लागली, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून सोसायटीनं एकतर्फी हक्क मिळवायची.

ज्यानं कोणी मागायच्या आत खरेदीखत करून दिलं, त्यानं स्वतःच्या हातातला खराखुरा पैसा सोडलेला असतो. तीस वर्षांनी इमारत जुनी झाली आणि पुनर्विकासाचा विषय निघाला की त्या सोसायटीला मालकाच्या वारसांच्या मागे धावावं लागत नाही. हे योगदान कोणत्याही फलकावर नसतं. पण बारा इमारतींपैकी अकरांचं कन्व्हेअन्स झालंय, हे एक वाक्य मानपत्रातल्या दहा विशेषणांपेक्षा जड आहे.

इथे एक गफलत वारंवार होते. खरेदीखत नोंदलेलं असतं, फेरफार झालेला नसतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर जुनंच नाव असतं. म्हणून दोन्ही कागद मागा, नोंदणी विभागाची सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि चालू मिळकत पत्रिका. अनेक इमारतींच्या एका मोठ्या रेखांकनात प्रत्येक सोसायटीला फक्त इमारत आणि जमीन सर्वांच्या संघाला, अशीही व्यवस्था असते. तिथे शेवटची इमारत पूर्ण व्हायची असेल तर जमिनीचा रकाना रिकामा राहण्यात गैर काही नाही. तक्त्यात तसं लिहा.

भोगवटा प्रमाणपत्राबद्दल थोडक्यात सांगतो. ते नसताना ताबा दिलेला असेल तर रहिवाशांना पाणी जोडणीपासून कर्ज, विक्री, पुनर्विकासापर्यंत त्रास होतो. एखाद्याच्या सुरुवातीच्या इमारती ग्रामपंचायतीच्या काळातल्या असतील, पुढे गाव महापालिकेत आलं असेल, तर तेव्हाची परवानगी कोणाची होती ते तपासूनच मत बनवा.

ताबा दिल्यानंतरची पाच वर्षं हा दुसरा महत्त्वाचा निकष. महारेरा ज्याखाली चालतं त्या रेरा कायद्यानं ताब्यापासून पाच वर्षांतले बांधकामाचे दोष तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायची जबाबदारी विकसकावर टाकली आहे. चांगले बिल्डर २०१७ च्या आधीही हे करत होते. सचिवांना तीन प्रश्न विचारा. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तक्रार केली तेव्हा कोण आलं? संडास-बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधून खालच्या घरात गळती झाली तेव्हा फरशी उखडून काम झालं की वरून सिमेंट फासलं? आणि देखभालीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम हिशोबासह सोसायटीच्या खात्यात जमा झाली का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लेखी मागा. ते मिळालं तर मानपत्रात जरूर येऊ द्या. रहिवासी या गोष्टीची आठवण फार आदरानं काढतात.

समाजकार्याच्या परिच्छेदात सर्वांत जास्त चुका होतात. कायद्यानं करावंच लागतं ते दान म्हणून छापलं जातं. रस्तारुंदीसाठी दिलेल्या जागेबद्दल चटई क्षेत्र किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो, ते दान नव्हे. रेखांकनातली मोकळी जागा आणि सार्वजनिक सोयींसाठी सोडायचा सुविधा भूखंड ही मंजुरीची अट असते. दहा लाखांपेक्षा अधिक वस्तीच्या महापालिकांत ४,००० चौरस मीटर किंवा मोठ्या भूखंडावर २० टक्के क्षेत्र लहान घरांसाठी ठेवणं हाही नियम आहे. बांधकाम खर्चावरचा १ टक्का कामगार उपकर हा करच आहे. ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावेच लागतात. या गोष्टी वेळेवर, पूर्ण केल्या असतील तर "नियमांचं काटेकोर पालन" या शब्दांत त्यांचा गौरव करा, तो खरा गौरव आहे. औदार्य हा शब्द त्यापलीकडच्या कामासाठी राखून ठेवा.

त्यापलीकडचं काम शोधायचं तर कामगारांच्या वस्तीपासून शोधा. बांधकाम कामगाराला कल्याणकारी मंडळात नाव नोंदवायचं तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मुलांच्या शिष्यवृत्तीपासून अपघाती मृत्यूनंतरच्या मदतीपर्यंत सगळं त्या नोंदणीवर अवलंबून असतं. दाखला द्यायचा ठेकेदारानं किंवा मालकानं, आणि तोच अडतो, कारण सही केली की त्या माणसाला कामावर ठेवल्याचं मान्य होतं. ज्याच्या साइटवर प्रत्येक बिगाऱ्याला आणि रेजाला (स्त्री मजुराला) तो दाखला न मागता मिळाला, तो माणूस मानपत्राला पात्र आहे. पाळणाघराचंही तसंच. ५० पेक्षा जास्त स्त्रिया कामावर असल्या तर ते ठेवण्याची अट १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यात होती. वीस जणी असतानाही ते चालवलं असेल तर ते स्वतःहून केलेलं काम आहे. जुन्या मुकादमाला भेटा. ही माहिती कार्यालयातल्या फायलीत नसते, त्याच्याकडे असते.

देणग्यांबाबत चार गोष्टी हव्यात: साल, रक्कम किंवा वस्तू, कशासाठी, आणि आज ती कोण चालवतं. "रुग्णालयास भरघोस मदत" असं न लिहिता कोणत्या वर्षी किती खाटांचा कक्ष दिला आणि त्यातल्या आज किती चालू आहेत, ते लिहा. पायाभरणी आणि लोकार्पण यांत पुष्कळ कामं अडकून राहतात, म्हणून दोन्ही तारखा घ्या. याचं एक चांगलं उदाहरण आपल्याशी नातं असलेलं आहे. मुंबईत जन्मलेले होरमसजी मोदी १८६० च्या सुमारास हाँगकाँगला गेले आणि पुढे पॉल चाटर यांच्याबरोबर तिथल्या जमिनींच्या व्यवहारात मोठे झाले. हाँगकाँग विद्यापीठाच्या मुख्य इमारतीसाठी त्यांनी १ लाख ५० हजार हाँगकाँग डॉलर देऊ केले. पायाभरणी १९१० मध्ये झाली, मोदी १९११ मध्ये वारले, इमारत १९१२ मध्ये उघडली. रक्कम, हेतू आणि तारखा नोंदलेल्या असल्यामुळे शंभर वर्षांनंतरही त्यांचं योगदान नेमकं सांगता येतं. त्यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा होता हेही नोंदलेलं आहे, आणि ते सांगितल्यानं विद्यापीठाची वीट हलत नाही. गौरव करताना संपूर्ण माणूस डोळ्यांपुढे ठेवायला घाबरू नका.

वाद असतील तर? महारेराचे आदेश आणि वसुलीची वॉरंटं पाहा. चाळीस वर्षांत दोन-चार तक्रारी कोणाच्याही निघतात. निकाल लागला आणि पैसे दिले गेले असतील तर अडचण नाही. पण लोकांचे पैसे अडकलेला प्रकल्प आज चालू असेल तर सत्कार पुढे ढकला. त्या खरेदीदारांपैकी एक जण जरी सभागृहात बसला असेल तरी मानपत्राचा प्रत्येक शब्द त्याला टोचेल, आणि तो बरोबर असेल. समारंभाचा खर्चही सत्कारमूर्तीकडून घेऊ नका. हॉलचं भाडं परवडत नसेल तर सोसायटीच्या पार्किंगमध्ये मांडव घाला.

मजकूर २५० ते ३०० शब्दांचा ठेवा, सावकाश वाचून तीन मिनिटं होतात. वाक्य असं असावं: "१९८६ साली कॅनॉलशेजारच्या जागेत आपण सोळा सदनिकांची पहिली इमारत बांधलीत आणि १९८८ मध्ये जमिनीसह ती रहिवाशांच्या स्वाधीन केलीत." तारीख, जागा, संख्या, कृती. भागीदार, इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारे आरसीसी सल्लागार आणि जुने साइट सुपरवायझर यांची नावं एका ओळीत तरी घ्या. नावांचं शुद्धलेखन, वडिलांचं किंवा पतीचं नाव आणि आद्याक्षरं घरच्यांकडून तपासून घ्या. मजकूर मात्र त्यांच्याकडे मंजुरीला पाठवू नका. वाचणाऱ्याला प्रत दोन दिवस आधी द्या, मोठ्या टायपात. चौकटीत लावायची प्रत ए-३ आकाराची, मॅट कागदावर घ्या. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्यांची तिरीप पडते आणि फोटोत एक अक्षर वाचता येत नाही.

मानपत्र प्रमुख पाहुण्यांच्या हातून देण्याची रीत आहे. आमचा आग्रह असतो की पहिल्या इमारतीच्या सोसायटीचे सचिव आणि एक जुना गवंडी यांनी मिळून ते द्यावं, शाल-श्रीफळ पाहुण्यांनी द्यावं. तुम्ही जमवलेला इमारतींचा तक्ता फेकू नका. त्याच्या स्वच्छ प्रती काढून एक घरच्यांना, एकेक प्रत्येक सोसायटीच्या दप्तरात आणि एक गावच्या नगरवाचनालयात द्या. पुढे एखाद्या सोसायटीला जुन्या कागदांचा माग काढायचा झाला, तर सर्व्हे नंबर आणि तारखा एका जागी फक्त त्यातच मिळतील.