चेन, डिझेल आणि मे महिन्यातली ओसरी

नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या स्टेशनखाली साडेबारा हजार सायकली मावतात. २०१९ मध्ये तो सायकलतळ पुरा झाला, जगातला सगळ्यात मोठा म्हणून सांगतात. मी रोज सकाळी तिथे सायकल लावतो आणि संध्याकाळी कुठे लावली होती ते शोधत फिरतो. अशा देशात सहा वर्षं काढली की माणसाला वाटायला लागतं, आपल्याला सायकलीतलं कळतं. यंदा मे महिन्यात आर्वीकडच्या आमच्या गावी आलो, तेव्हा हा समज सामानासोबतच आला होता.

बाबांची सायकल काळी, दांडीची. चेनकव्हर कधीचंच गेलेलं. ट्रॅक्टरमधून काढलेलं जळकं ऑइल ते दर महिना-दोन महिन्यांनी चेनवर ओततात, आणि वावरातल्या काळ्या मातीची धूळ त्यावर बसत जाते. मी नखानं खरवडलं तर खरपुडी निघाली, चांगली जाड. खाली कड्या आहेत की नाहीत तेच कळेना.

"बाबा, ही धुवा लागते."

"कायले धुतं? चालून रायली ना."

चालत होती हे खरं. पण चेन 'ढिली पडते' म्हणतो आपण, तेव्हा लोखंड ताणलं गेलेलं नसतं. प्रत्येक कडीत एक पिन असते, ती धूळ मिसळलेल्या तेलात पॉलिश पेपरवर घासल्यासारखी झिजते. शंभरावर पिना अशा केसाकेसानं झिजल्या की अख्खी चेन लांबते. मोजायला साधी पट्टी पुरते. चेनच्या दोन पिनांमध्ये अर्धा इंच अंतर असतं, म्हणजे २४ कड्यांना बरोबर १२ इंच. त्यात इंचाचा सोळावा भाग वाढला की चेन बदलायची. आठवा भाग वाढला तर बहुतेक दातेही खाल्ले गेलेले असतात, आणि मग नुसत्या चेनवर भागत नाही. बाबांची चेन सोळाव्याच्या जरा अलीकडे होती. पट्टी शाळेतल्या पुतणीची.

तिकडे हे काम मी बाल्कनीत करतो. पहिल्या हिवाळ्यात बाथरूममध्ये केलं होतं, खिडकी बंद करून. तिकडे दुकानात 'वासबेन्झिन' नावाची बाटली मिळते, कपड्यावरचे डाग काढायची. पाण्यासारखं दिसतं, पण भाऊबंद पेट्रोलचंच. दहा मिनिटांत डोकं गरगरायला लागलं. शेजारच्या डच आजी वास येतो म्हणून दार वाजवत आल्या आणि आधी माझ्या घरातला गॅसचा बॉयलर बंद करायला लावला. त्या बाटलीची वाफ हवेपेक्षा जड असते. वर जात नाही, फरशीवरून सरपटत जाते आणि ठिणगी सापडेल तिथे पेटते. आजींनी रागावून सांगितलं ते तेव्हा निम्मंच कळलं होतं, पण बॉयलरकडे रोखलेलं बोट पुरेसं होतं.

गावी पहिला सल्ला चुलतभावाचा, "पेट्रोल टाक, एका मिनटात चमकते." दुसराही त्याचाच, "नाहीतर संडास धुवाचं ॲसिड." ॲसिडचं आधी सांगतो. गंज निघतो, पण त्यातला हायड्रोजन चेनच्या कडक पोलादात शिरतो आणि पोलाद ठिसूळ होतं. दिसायला चेन नवी, आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की कटकन तुटणार.

पेट्रोल तर नाहीच. पण घासलेट आणि डिझेलचंही मी तिकडच्या हिशोबानं धरून चाललो होतो. घासलेट साधारण ३५-४० अंशांपर्यंत तापल्याशिवाय पेटण्याइतकी वाफ सोडत नाही, डिझेलचंही तसंच, बरेचदा जरा जास्त. तिकडच्या १० अंशांच्या बाल्कनीत त्याची काय भीती? आमच्या ओसरीत त्या दुपारी ४४ होते आणि चार पावलांवर आईची चूल पेटलेली. आजींचं बोट आठवलं. काम दुसऱ्या दिवशी पहाटे, गोठ्यामागे करायचं ठरलं.

घासलेट आता आमच्या गावात रेशनवर मिळत नाही, म्हणून ट्रॅक्टरच्या डबकीतलं डिझेल घेतलं. तिकडून आणलेला ब्रश काढला आणि चेन सायकलवरच घासायला बसलो. अर्ध्या तासात वरून चकचकीत. बाबांनी एक चक्कर मारली. कचकच तशीच.

स्टँडवरच्या पंक्चरवाल्या चाचांकडे घेऊन गेलो. त्यांनी चेन कानाजवळ धरून वाकवली. "वरून आंघोळ घातली तुम्ही. माती आतमंदी हाय."

जोडाची क्लिप पक्कडनं काढून त्यांनी चेन प्लास्टिकच्या बरणीत सोडली, बुडेल इतकं डिझेल ओतलं, झाकण लावून ताक घुसळल्यासारखी हलवली आणि म्हणाले, उद्या या. रात्रीतून तेल डिझेलमध्ये विरघळतं. माती विरघळत नाही, सुटून खाली बसते. सकाळी वरचं डिझेल दुसऱ्या बरणीत नितळून घेतलं, चेन ताज्या डिझेलमध्ये हलवली, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा डिझेल जवळपास जसंच्या तसं राहिलं. हीच बरणीची रीत मी उट्रेख्टमध्ये पैसे भरून एका शनिवारच्या वर्गात शिकलो होतो, आणि आळसापायी कधी केली नव्हती.

चेन दिवसभर तारेवर टांगली. लगेच तेल घातलं तर आत राहिलेलं डिझेल ते पातळ करतं. मग प्रत्येक कडीवर एकेक थेंब शिलाई मशीनचं तेल, चेन फिरवायची, अर्धा तास थांबायचं आणि बाहेरचं सगळं कोरड्या चिंधीनं पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ गोळा करतं. हे पुसणं बाबांना अजिबात पटलं नाही. "टाकलं आन् पुसलं?" क्लिप बसवताना तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला ठेवायची, ती चाचांनी न बघता बोटानं चाचपून बसवली.

राहिला बरणीच्या तळचा गाळ, बोटभर, डांबरासारखा. तिकडे तो डब्यात भरून पालिकेच्या केंद्रावर देतो. इथे कुठे देणार? विहिरीजवळ ओतू नका म्हणून मी सांगत होतो, तेवढ्यात बाबा बरणी उचलून गेलेही. बघतो तर गोठ्याच्या लाकडी खांबांना बुडाशी उदई लागू नये म्हणून चिंधीनं गाळ फासून रायले. तोही अखेर मातीतच जाणार. पण दुसरा खांब रंगवायला त्यांनी चिंधी माझ्याकडे दिली, आणि मी घेतली.