कृष्णेनं नेलेली उधारीची वही

छापखान्याची वाटचाल म्हटलं की पहिलं मशीन, दुसरं मशीन, मग नवी जागा असं सांगत जायची पद्धत आहे. आमचीही तशी आहेच, ती आधी उरकून टाकतो. अण्णांनी १९७४ साली सांगलीत, गणपती पेठेजवळच्या एका बोळात, जुनं ट्रेडल, म्हणजे पायानंही चालणारं छपाईचं मशीन, बसवलं. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायला एक कंपोझिटर ठेवला, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. हळदीच्या अडत्यांची बिलबुकं, लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं ही कामं. १९९८ला कारभार माझ्याकडे आला. मी डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवणं, आणलं, मिनी ऑफसेट छपाई मशीन घेतलं, पुढे दोन रंगांचं मशीन. ट्रेडल तेवढं पावत्यांवर नंबर घालायला (नंबरिंग) आणि फाडायची भोकांची रेघ पाडायला (परफोरेशन) कोपऱ्यात राहिलं. झाली वाटचाल.

आता ऑगस्ट २०१९.

२००५च्या पुरात आमच्या उंबऱ्याच्या आत दीड फूट पाणी आलं होतं. सांगलीत हिशोब असाच चालतो, मागच्या पुराची भिंतीवरची खूण आणि वर दोन हात. त्याप्रमाणे आम्ही नागपंचमीच्या दिवशी कागद तीन फुटांवर उचलला, मशीनवर ताडपत्री टाकली आणि निर्धास्त घरी गेलो. आयर्विन पुलाशी धोक्याची पातळी ४५ फूट. कृष्णा ५७च्या वर गेली. छापखान्यात पाच फूट पाणी आणि ते आठवडाभर हललं नाही.

पाणी उतरल्यावर दारच उघडेना. कागद फुगून आतून दाराला टेकला होता. मॅपलिथोची, म्हणजे साध्या छपाईच्या कागदाची, रिमं फुटून लगदा झालेली. गुळगुळीत आर्ट पेपरचं वेगळंच असतं. तो ओला गठ्ठा वाळला की वीट होते, पान सुटत नाही. २ सप्टेंबरला गणपती बसणार होते, सोळा मंडळांची पावती पुस्तकं बांधून तयार होती, ती गाळातून फावड्यानं काढली. ऑफसेटचं इलेक्ट्रॉनिक कार्ड गेलं, मोटर गेली, संगणक गेला. विम्याचं म्हणाल तर हप्ता कमी व्हावा म्हणून पूर-वादळाचं कलम मीच काढून टाकलं होतं. तिथं बोट दाखवायला दुसरं कोणी नव्हतं.

आणि उधारीची वही गेली. बिलं संगणकात असायची, पण कोणाकडे किती आणि कोणाला कधी तगादा लावायचा हे अण्णांच्या सवयीनं वहीत, शाईच्या पेनानं. गल्ल्याच्या खणात ती सापडली, आख्खीच्या आख्खी. पानं उघडली तर सगळीकडे निळं आभाळ. सव्वापाच लाखांच्या आसपास येणं होतं.

त्या दिवसांत एक गृहस्थ भेटायला आले. भले माणूस आहेत, दर एकादशीला कीर्तनाला असतात. म्हणाले, "दुःख ही देवाची कृपा असते. तुकोबांनाच बघा ना." ते विश्रामबागला राहतात, तिकडे पाणी येत नाही. मी त्यांना चहा दिला आणि काही बोललो नाही, पण रात्रभर ते वाक्य घशात अडकून राहिलं.

आमच्या घरी वारी आहे, तेव्हा तुकोबांचं दिवाळं मला लहानपणापासून पाठ. १६३०चा दुष्काळ, व्यापार बसला, इज्जत गेली, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. त्यांनी स्वतःच ते अभंगात सांगून ठेवलंय. "बरें जालें देवा निघालें दिवाळें, बरी या दुष्काळें पीडा केली" हेही त्यांचंच. पण ते त्यांनी स्वतःच्या दिवाळ्याबद्दल म्हटलंय. शेजाऱ्याच्या दारात जाऊन "बरं झालं तुझं दुकान बुडालं" असं ते म्हणाले नाहीत. कर्जाची खतं त्यांनी आपल्या हातानं इंद्रायणीत सोडली म्हणतात. आमची कृष्णेनं हिसकावून नेली. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि लोक तो सोयीनं विसरतात.

मी तर तेव्हा पार उलट्या दिशेला निघालो होतो. आठवतील ती नावं कागदावर उतरवली आणि फोन लावत सुटलो. त्यात एक स्टेशनरीवाला होता. त्याचंही दुकान पाण्यात गेलंय हे मला माहीत होतं, तरी मी आवाज चढवून बोललो. दुसऱ्या दिवशी तो आला. दोन हजार रुपये काउंटरवर ठेवले, नोटा अजून दमट होत्या. म्हणाला, "तुमची वही गेली हे कळलंय मला, साहेब. माझ्याकडे अकरा हजार चारशे आहेत. हे दोन धरा, बाकीचे देतो." मी आठ-नऊ हजार धरून चाललो होतो.

त्याच आठवड्यात मामा आले, डिझेलचा डबा आणि चिंध्या घेऊन. १९९८ला ऑफसेट आल्यावर मी त्यांना एक महिन्याचा पगार आणि नारळ देऊन घरी बसवलं होतं. चोवीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस. अण्णा त्या दिवशी जेवले नव्हते, एवढं मला आठवतं. मी त्याला 'बदलत्या काळाबरोबर जाणं' म्हणायचो.

"ट्रेडलला काय होत नाही, बिडाचं आहे ते," मामा म्हणाले आणि मांडी घालून बसले. चार दिवस गाळ खरवडला, बेअरिंगं धुतली, गंज घासला. मोटर जळालेली, वीज नव्हती, मग पायानं चालवलं. पाचव्या दिवशी चाक फिरलं. एका ओळखीच्या प्रेसनं पावती पुस्तकं उसनवारीवर छापून दिली आणि त्यांचं नंबरिंग आम्ही त्या ट्रेडलवर, मामांच्या पायावर केलं. सोळापैकी अकरा मंडळांना वेळेत पोचली.

मध्येच हात पुसत मामांनी विचारलं, "खिळ्यांच्या केशी कुठं ठेवल्यास रे?"

त्या केशी, म्हणजे खिळे ठेवायचे कप्प्यांचे खण, मी किलोवर भंगारात घातल्या होत्या. त्यांना नारळ दिला त्याच महिन्यात. सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि परत चिंधी घेऊन वाकले.

दुःखानं माणूस मोठा होतो का, मला सांगता येणार नाही. पुरानंतरचे पहिले आठ दिवस मी आधीपेक्षा लहानच झालो होतो, हे त्या स्टेशनरीवाल्याला विचारा. पण माझं गेलं नसतं तर मामांचं काय गेलं होतं हे मला दिसलं नसतं, एवढं नक्की. त्याच अभंगात पुढची ओळ आहे, "अनुतापें तुझें राहिलें चिंतन". इतकी वर्षं मी 'दिवाळें' या शब्दावर थांबायचो. अनुताप हा शब्द तोंडातून नुसता जायचा.

पुढचं थोडक्यात. २०२०च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेच्या पत्रिका बांधलेल्या राहिल्या. जुलै २०२१ला पाणी पुन्हा आलं, २०१९इतकं नाही, पण आत तीन फूट होतंच. या वेळी कागद माडीवर होता आणि ऑफसेट उंच ओट्यावर. ट्रेडल खालीच ठेवलं होतं, मामांनी सांगितलं म्हणून. ते अजूनही दुपारी दोन तास येतात, पगार घेतात, नव्या पोराला मशीन तेलपाणी करायला शिकवतात आणि त्याच्यावर ओरडतात.

स्टेशनरीवाल्याचे उरलेले पैसे तीन हप्त्यांत आले. शेवटचा हप्ता मी नको म्हणालो तर तो रागावला.

उधारीची नवी वही मी पेन्सिलीनं लिहितो. पेन्सिल पाण्यात पसरत नाही. बायको म्हणते, खोडताही येते.