बेकरी, विडी आणि आमचे अभिरूप न्यायालय

सदाशिव पेठेतील आमच्या अभ्यासमंडळाचे अभिरूप न्यायालय दरवर्षी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास भरत असे आणि खटला कोणताही निवडला, तरी वाद फिरून एकाच मुद्द्यावर येई : दोन सज्ञान माणसांनी आपखुशीने केलेल्या करारात सरकारने कितपत हात घालावा? वकील, प्राध्यापक, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी सतरंजीवर दाटीवाटीने बसत. कार्यक्रम पत्रिकेवरील वेळेलाच सुरू होई. उशिरा येणाऱ्याला साऱ्या सभेच्या नजरा झेलत जागा शोधावी लागे.

नव्या सभासदाला लॉकनरची बाजू द्यायची, असा अलिखित रिवाज होता. न्यूयॉर्क राज्याने १८९५ मध्ये बेकरी कामगारांना दिवसाला १० आणि आठवड्याला ६० तासांची मर्यादा घातली. ती मोडल्याबद्दल युटिका येथील बेकरीमालक जोसेफ लॉकनर यांना ५० डॉलर दंड झाला आणि १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा बहुमताने ती मर्यादाच घटनाबाह्य ठरवली. त्या निकालातील न्या. होम्स यांचे भिन्नमत, म्हणजे बहुमताच्या विरोधात लिहिलेले मत, आमच्याकडे अनेकांना तोंडपाठ असल्यामुळे लॉकनरच्या वकिलाची धडगत नसे. हॉटेलात खोल्यांची साफसफाई करणाऱ्या एल्सी पॅरिश यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने १९३७ मध्ये किमान वेतनाचा कायदा उचलून धरला, एवढे सांगून प्रतिपक्ष विजयी मुद्रेने खाली बसे.

मग कामगार न्यायालयात वकिली करणारे एक ज्येष्ठ सभासद उठत आणि डॉ. आंबेडकरांच्या १९४७ च्या निवेदनाचा आधार घेत. राज्याचे नियंत्रण दूर सारून मिळणारे स्वातंत्र्य म्हणजे जमीनदाराला खंड वाढवण्याची आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढवून मजुरी घटवण्याची मोकळीक होय, हा त्यातील युक्तिवाद ते इतक्या तन्मयतेने मांडत, की वेळ संपल्याची घंटा वाजवायला कोणी धजत नसे.

मला सर्वाधिक आठवते ते मात्र ‘चिंतामण राव’ खटल्याचे वर्ष. शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्याच्या काही गावांत विड्या वळण्यास सरसकट बंदी घालण्यात आली होती आणि तिच्याविरुद्ध एक कारखानदार आणि एक कामगार असे दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले होते. मालक आणि मजूर एकाच बाजूला! आमच्या ठरीव भूमिकांची तिथेच पंचाईत झाली. न्यायालयाने १९५० मध्ये ही बंदी रद्द केली. शेतात राबू न शकणाऱ्या अपंग माणसांची, म्हाताऱ्या बायकांची आणि मुलांचीही रोजी ती हिरावून घेत होती, म्हणून ती राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(६) खाली व्यवसायस्वातंत्र्यावर घालता येणाऱ्या वाजवी निर्बंधांत बसत नाही, असा तो निकाल होता. ज्यांनी वर्षानुवर्षे लॉकनरला धारेवर धरले, त्यांनाच त्या दिवशी नियमनाच्या विरोधात बोलावे लागले आणि ते फार चांगले बोलले. नियमन हवे की नको, असा ढोबळ प्रश्न विचारून भागत नाही, निर्बंधाचा हेतू आणि त्याची व्याप्ती यांचा मेळ बसतो का, हे तपासावे लागते, याची उमज मला पाठ्यपुस्तकापेक्षा त्या सभेत अधिक पडली. (चहा त्या वर्षीही गारच मिळाला, हेही नमूद करायला हवे.)

अलीकडे मंडळाने घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांचा काल्पनिक खटला घेतला. कंपनीच्या वकिलाने मोबाइलवर मान्य केलेल्या अटी वाचून दाखवल्या. विरोधकांनी एशियाडच्या बांधकाम मजुरांविषयीचा १९८२ चा निकाल काढला, ज्यात किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर करून घेतलेले काम अनुच्छेद २३ खाली वेठबिगारच ठरते, असे म्हटले आहे. तो निकाल मुळात या मुलांना लागू होतो का, ही मुले कामगार आहेत की स्वतंत्र व्यावसायिक, यावर न्यायासनावरील तिघांतच जुंपली आणि सभागृह रिकामे करायची वेळ झाली तरी त्यांचे एकमत झाले नाही.