चुन्याचा माग लागला: मावळ्यांची भट्टी आता ९६० अंशांवर

भाजलेल्या मातीच्या छोट्या मावळ्यांचे टवके कशाने उडतात ते अखेर सापडलं. गेल्या भट्टीतले मावळे निघाले तेव्हा रंग लाल, आवाज खणखणीत. आठवड्याभरात पगड्यांवरून, खांद्यांवरून चकत्या सुटल्या आणि प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी तोच चुन्याचा पांढरा ठिपका. माती तर पाण्यात कालवून ८० मेषच्या चाळणीतून गाळलेली, त्यातून ०.१८ मिमीपेक्षा मोठा कण जात नाही. एवढ्या बारीक चुन्याने टवका उडत नाही.

भिंगाखाली धरल्यावर उलगडा झाला. ठिपका मातीत नाही, ग्रॉगच्या, म्हणजे मातीत मिसळायच्या भाजक्या मातीच्या चुऱ्याच्या, दाण्यात आहे. हा ग्रॉग जुन्या कौलांचा आणि विटांचा. बडोद्याच्या आसपासच्या गाळाच्या मातीत कंकर, म्हणजे चुनखडीचे खडे, भरपूर, आणि वीटवाले माती गाळत नाहीत. विटेतला चुना वर्षानुवर्षं हवा खाऊन पुन्हा चुनखडी झालेला असतो. आपल्या भट्टीत तो नव्याने भाजला जातो. म्हणजे चाळणीने बाहेर काढलेला कंकर ग्रॉगमधून परत आत येत होता. खात्री करायची तर चमचाभर ग्रॉग व्हिनेगरमध्ये टाका. बुडबुडे आले की तो ग्रॉग बाद.

आता तापमानाकडे. चुनखडी साधारण ७०० अंशांपासून सुटायला लागते, ८२५ नंतर झपाट्याने, आणि मागे कळीचा चुना उरतो. तो हवेतली ओल ओढून विरतो तेव्हा जवळजवळ दुप्पट फुगतो. बडोद्याच्या पावसाळ्यात हे दोन दिवसांत दिसतं, उन्हाळ्यात महिनाही लागतो. म्हणून भट्टी उघडल्याबरोबर तुकडा चांगला दिसला याला काही अर्थ नाही. नमुन्याची पट्टी कुकरमध्ये जाळीवर ठेवून, शिटी न लावता ३ तास वाफवायची; पाणी आटू द्यायचं नाही. फुटायची असेल तर तिथेच फुटते.

७५० ला भाजलं तर चुना बराचसा शाबूत राहतो, पण अंग कच्चं राहतं, नखाने ओरखडा उठतो. भाल्याचं टोक रंगवतानाच हातात येतं. दुसरं टोक १०६०, म्हणजे कोन ०४ (कोन म्हणजे भट्टीत ठेवायचा, ठराविक उष्णतेला वाकणारा सुळका). तिथे बारीक चुना मातीतल्या सिलिकाशी जुळून बसतो आणि निरुपद्रवी होतो. मात्र ज्वारीएवढ्या दाण्याची फक्त कडा जुळते. गाभा करपून मंद होतो आणि काही महिन्यांनी, मावळा कुणाच्या तरी कपाटात गेल्यावर, फुटतो. शिवाय चुना जास्त असलेल्या मातीचा लाल रंग इथे फिका, पिवळसर पडतो. लाल हवा असेल तर १०६० हा उपाय नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

मातीत अर्धा टक्का मीठ घालायचा जुना उपाय लागू पडतो, पण विजेच्या भट्टीत करू नये. क्लोरीनयुक्त वाफा भट्टी तापवणारी कांथल तार खातात आणि तुकड्यावर पांढरा क्षार फुलून येतो.

आधीच भाजून झालेल्या मावळ्यांसाठी पाण्याची बादली. कोमट असतानाच, साधारण ६० अंशांवर, पूर्ण बुडवायचे आणि दिवसभर ठेवायचे. भरपूर पाण्यात चुना मऊ लोण्यासारखा विरतो आणि छिद्रांत पसरतो, दाब देत नाही. नुसतं पाणी शिंपडलं तर उलट जास्त फुटतात. नंतर पातळ व्हिनेगरने पुसून, साध्या पाण्यात धुऊन, पुरते वाळल्यावरच रंग.

नवा ग्रॉग थानगढकडच्या फायरक्लेचा, म्हणजे जास्त उष्णता सोसणाऱ्या मातीचा, ३० ते ६० मेष, वजनाने १५ टक्के. महाग आहे, पण दाणा एकसारखा आणि व्हिनेगरमध्ये शांत. दुकानात ‘टेराकोटा ग्रॉग’ म्हणून जे सुटं विकतात ते बहुतेक वेळा विटांचं पीठ असतं. नमुना मागून तपासल्याशिवाय पोतं उचलू नका. आणि नदीकाठची फुकटची माती आणायला विश्वामित्रीच्या पात्रात उतरू नका, तिथे मगरी आहेत.

या मातीसाठी १००० ठरवत होतो, तेही फक्त भाल्यांसाठी. हे लिहिताना लक्षात येतंय की भाला मातीचा असायची गरजच नाही. मुठीत ओलेपणीच २.५ मिमीचं भोक पाडायचं; आठ-नऊ टक्के आकसून ते २.३ च्या आसपास उरतं, त्यात २ मिमीची पितळी तार एपॉक्सीने बसते. मग हात आणि घोड्यांचे पाय सोसतील एवढीच भाजणी पुरे, आणि रंग सर्वात खुलतो तो ९६० ला. त्यामुळे बेत बदलला.

भाजणी अशी: धड १२ मिमीपेक्षा जाड असेल तर खालून पोकळ करायचं. ९० अंशांवर रात्रभर, झाकण बोटभर उघडं. मग ५५० पर्यंत तासाला ८०. ५५० ते ६०० मध्ये तासाला ५०, कारण ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ एकदम फुगतो. ८६० पर्यंत १२०, शेवटचे १०० अंश तासाला ६०, आणि वर १५ मिनिटं मुक्काम. उतरतानाही ६०० ते ५०० हळू, आणि १०० च्या वर झाकण उघडायचं नाही.

कंट्रोलरच्या आकड्यावर भिस्त नको. भट्टीतलं तापमान मोजणारा के-टाइप थर्मोकपल जुना झाला की चुकीचं सांगतो, आणि खालचा शेल्फ वरच्यापेक्षा थंड असतो. ऑर्टन कंपनीचे कोन सुटे घेतले तरी पैसे वसूल. प्रत्येक शेल्फवर ०८, ०७, ०६ असे तीन: ०८ पडलेला, ०७ निम्मा वाकलेला, ०६ ताठ, म्हणजे जमलं.

पुढच्या भट्टीत वर मावळे, खाली घोडे; घोड्यांच्या पोटाखाली त्याच मातीचा कच्चा टेकू, म्हणजे दोन्ही एकाच मापाने आकसतील. प्रत्येक शेल्फवरची एक पट्टी थेट कुकरमध्ये.