सरीन, तूर आणि साबण

कीटकनाशकाची विषबाधा म्हटली की नातेवाइकांना आधी सलाईन हवं असतं. आम्ही आधी कपडे उतरवतो. त्या सकाळी आलेल्या पेशंटचा पंप तुरीवर क्लोरपायरीफॉस मारताना पाठीवर गळला होता आणि भिजल्या सदऱ्यानंच त्यानं उरलेलं रान उरकलं होतं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, छातीत घरघर. सदरा, करदोडा, सगळं काढून साबण-पाणी. नखांच्या खाचा, केसांची मुळंसुद्धा. "माणूस चाललाय अन् तुमचं आंघोळीचं काय चाललंय?" हे दर हंगामात ऐकतो. सोबत ॲट्रोपिन, या विषावरचा उतारा. सिस्टर ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युल फोडत राहते, आम्ही डोस वाढवत राहतो. नवशिके डॉक्टर बाहुल्यांकडे बघत बसतात; ऐकायची असते छाती. ती कोरडी झाली की थोडं हायसं वाटतं. ॲट्रोपिन वेळेवर मिळावं म्हणून किती पत्रं लिहावी लागतात, ते इथं नको.

पेशंट सावरला आणि दुपारी मी तालुक्याच्या कॉलेजात गेलो. ३० नोव्हेंबर, रासायनिक शस्त्रांच्या बळींचा स्मृतिदिन. तिथं अशा शस्त्रांवरच्या बंदीसाठी स्वाक्षरी मोहीम चालवणारे प्राध्यापक तळमळीचे, पण लांबण लावणारे. बेल्जियममधलं १९१५चं ईप्र, इराकमधलं १९८८चं हलब्जा, दोन्हीकडे माणसांवर सोडलेले विषारी वायू; मग १९९७ साली अमलात आलेला रासायनिक शस्त्रबंदीचा करार. भारतानं आपला साठा जाहीर करून २००९ पर्यंत नष्ट केला, यावर टाळ्या पडल्या. जैविक शस्त्रांच्या १९७२च्या कराराला मात्र तपासणी यंत्रणाच नाही, हे त्यांनी एका वाक्यात उरकलं. खरं तर तिथंच थोडं रेंगाळायला हवं होतं.

मी १९९५च्या टोकियोबद्दल बोललो. मेट्रोत सरीन हे मज्जातंतूंवर घाला घालणारं रासायनिक शस्त्र सोडलं, तेव्हा पेशंटच्या कपड्यांतून सुटलेल्या वाफेनं दवाखान्यातल्या लोकांनाही त्रास झाला. सरीन काय, क्लोरपायरीफॉस काय, शरीरातलं एकच एंझाइम बंद पाडतात. जर्मनीत श्राडर १९३६ साली कीटकनाशकच शोधत होता, हाती लागलं टॅबून, सरीनच्याच जातीचं शस्त्र.

मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "सर, मंग आमच्या गोठ्यात ठेवलंय ते कामून चालतं?"

मी सांगितलं, करार हेतू बघतो. शेतीच्या वापराला त्यात मुभा आहे. शिवाय सरीन कित्येक पटींनी जहाल. दोन्ही खरंच आहे. "असं व्हय," म्हणून तो बसला. पटलेलं दिसलं नाही, आणि तेव्हापासून मलाही ते उत्तर पुरेना झालंय. सरीनच्या साठ्यांची मोजदाद करायला या कराराच्या हेगमधल्या संस्थेचे तपासनीस यायचे. गळका पंप तपासायला कोण येतं?

प्राध्यापक नंतर म्हणाले, "डॉक्टर, दोन विषय मिसळू नका, मोहीम पातळ होते." त्यांच्या बाजूनं बरोबर आहे. प्रत्येक फवाऱ्याला शस्त्र म्हटलं, तर बंदीची धार जाईल. पुढच्या वर्षी या, पण ते शेतीचं नको, असंही म्हणाले. मी म्हटलं, येतो, पण गॅस मास्कच्या पोस्टरशेजारी टेबलावर साबणाची वडी आणि ॲट्रोपिन ठेवणार असाल तर. अजून उत्तर आलेलं नाही.